पन्नास किलोची गोणी

गोरक्ष कुशारेला स्वस्थ बसलेलं आजवर कुणी पाहिलेलं नाही. चहा तो उभ्यानं पितो, तोही अर्धाच. उरलेला अर्धा दिवसभर कुठल्यातरी टायरवर, पत्र्याच्या डब्यावर नाहीतर गिऱ्हाइकाच्या गाडीच्या टपावर सापडत राहतो. जेवायला बसवलं तर डावा गुडघा हलतो, गुडघ्यानं पाट हलतो आणि ताटातली आमटी काठाकडे निघते.

"आमटीला भूकंप आला बघा," त्याची बायको सिंधुबाई म्हणते. "बावन्न वर्षांचे झालात, आता तरी त्या पायाला सांगा जरा."

"तो माझं ऐकतो का?"

हा पाय सायखेड्यापासूनचा. गोदाकाठच्या त्या गावात लहानपणी बैलगाडीच्या मागं पाय सोडून बसला की तो बापाला ओरडून सांगायचा, "दादा, उजव्या चाकाची धाव ढिली झाली." बाप उतरून चाकावरच्या लोखंडी पट्टीवर दगड मारून बघायचा, तर ती खरंच ढिली. पोराला कुठून कळलं? "बुडाला कळलं," तो म्हणायचा. शाळेत मात्र हेच बूड बाकावर टिकलं नाही. आठवीनंतर तो नाशकात द्वारकेला एका उस्तादांकडे जीप-टेम्पोच्या कमानी, चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, ठोकायला लागला. उस्ताद कमी बोलायचे. एक वाक्य मात्र रोजचं होतं: "गाडी को मत पूछ बेटा. पूछ, बैठेगा कौन."

म्हणून दिंडोरी नाक्यावर स्वतःचं गॅरेज टाकल्यावर गोरक्षचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. सुरगाण्या-पेठेच्या जीपा यायच्या, कमान मोडलेल्या, दणके झेलणारे शॉकप गळालेले.

"किती माणसं बसवतो?"

"दहा."

"खरं सांग."

"...सतरा."

आणि गोरक्ष विसांच्या हिशोबानं गाडी बांधायचा. पंचवीस वर्षांत हा प्रश्न विचारायचा तो एकदाच चुकला. ती ही गोष्ट.

भाद्रपद लागता लागता गॅरेजात एक लाल गाडी आली. आली म्हणजे टेम्पोवर चढवून आणली. दोनच सीटची, बिनटपाची, एकोणीसशे त्रेसष्टची विलायती रेसची गाडी. इतकी बुटकी की शेजारच्या जीपचं चाक तिच्या दारापर्यंत यायचं. गाडी सोमनाथराव तिडकेंची. एके काळी सातपूरच्या कारखान्यात इंजिनिअर असलेल्या या माणसानं ती पन्नास वर्षांपूर्वी देवळालीच्या एका बंगल्यातून जवळजवळ भंगार म्हणून उचलली होती. आता त्यांना ऐंशी पूर्ण होत होती. घरच्यांनी सहस्रचंद्रदर्शनाचा घाट घातला, तेव्हा म्हातारा म्हणाला, "चंद्र पुष्कळ पाहिले. मला सापुताऱ्याचा घाट दाखवा. माझ्या गाडीतून."

अडचण होती पाठीची. वर्षापूर्वी त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं की एक जोराचा दणका बसला तर पुन्हा उभं राहणं अवघड.

"म्हणून हे मागवलंय, काका," त्यांची मुलगी वेदिका खोकं उघडत म्हणाली. ती कॉलेजात गणित शिकवायची. गाडी तीच चालवणार होती. खोक्यात चार नवे शॉकप होते, स्प्रिंगांसकट, निळे, झळझळीत. प्रत्येकाच्या अंगावर आट्यांवर बसवलेली एक चकती: ती पान्यानं फिरवली की स्प्रिंग वर उचलली जाते, गाडी त्या कोपऱ्यात उंच होते. बुडाशी एक खुंटी: ती टिक टिक फिरवावी तसा शॉकप कडक किंवा नरम होतो.

गोरक्षनं एक शॉकप हातात घेऊन दाबला. सोडला. पुन्हा दाबला. त्याचा पाय हलायचा थांबला असं सिंधुबाई आजही शपथेवर सांगते.

"बसवतो," तो म्हणाला. "साहेबांच्या पोटातलं पाणी हलणार नाही."

दोन दिवस काम चाललं. फरशी सपाट नव्हती, म्हणून त्यानं गवंड्याची पाण्याची नळी आणून चारी चाकांखाली टाइल्सचे तुकडे सरकवत पातळी साधली. हवा मोजली. वेदिका खुर्चीवर बसून सोबत आलेला कागद वाचून दाखवत होती.

"इथं लिहिलंय, चालवणारा आणि शेजारचा, दोघं गाडीत बसलेले असताना उंची मोजावी. बाबांना इतका वेळ बसवणार नाही. मी बसू?"

"नको नको, मॅडम! तुम्ही कशाला? आम्ही करतो ॲडजस्ट."

दोन तास बाईमाणसानं सीटवर बसून राहायचं आणि आपण खाली उताणं पडून पाने फिरवायचे, ही कल्पनाच त्याला कशीतरी वाटली. मग दुसरा मार्ग: सीटवर तेवढं वजन ठेवायचं. सोमनाथरावांचं वजन त्यानं बेधडक विचारलं. "चोपन्न. कॉलेजात होतो तेवढाच आहे," म्हातारा ऐटीत म्हणाला. आता राहिली वेदिका.

"मॅडम, ते... म्हणजे, अंदाजे..."

"काय?"

"...पेट्रोल किती ठेवू?"

"अर्धी टाकी."

जीपवाल्यांना कॉलर धरून माणसं मोजायला लावणारा गोरक्ष, पण एका शिकल्यासवरल्या बाईला तिचं वजन विचारायला त्याची जीभ उचलेना. त्यानं ओझरतं तिच्याकडे पाहिलं आणि मनाशी पंचावन्न धरलं. पंचावन्न हा सभ्य आकडा वाटला.

वजन म्हणून काय ठेवायचं हा प्रश्न नव्हताच. गॅरेजमागच्या घरात माळ्यावर कांद्याच्या दोन गोण्या होत्या. सायखेड्याहून थोरल्या भावानं भरून पाठवलेल्या, तोंड शिवलेल्या, वर त्याच्याच हातानं खडूनं लिहिलेलं '५०'. सुरगाण्याकडचा जीपवाला फकिरा तेव्हा गॅरेजात होता. त्यानं आणि त्याच्या क्लीनरनं मिळून गोण्या खाली आणल्या. एक गोणी आणि चार किलोचं लोखंड म्हणजे सोमनाथराव. दुसरी गोणी आणि पाच किलोची पानापेटी म्हणजे वेदिका.

"वा मिस्त्री, जोडा शोभतोय," फकिरा म्हणाला.

गोरक्षनं चकत्या फिरवल्या, गाडी दाबून उसळवली, पुन्हा मोजली, खुंट्या नरमाकडे ठेवल्या. चारी कोपरे सुतात आले. शनिवारी सकाळी आठ वाजता वेदिकानं बापाला हात धरून सीटवर बसवलं, पाठीला उशी लावली.

"तयार ना काका?"

"तयार. डोळे मिटून जा," गोरक्ष म्हणाला.

गाडी नाक्यावरून दिंडोरी रोडला वळली आणि वळता वळता तिचा मागचा उजवा कोपरा खाली बसला. जरासाच, बोटभर. रस्त्यावरच्या कुणाला दिसला नसता. गोरक्षला दिसला.

झालं. तिथून त्याला चैन पडेना. चहा आला, दोन घोट घेऊन तो बॉनेटवर राहिला. एका टेम्पोचे नट काढायला घेतले, तीन काढले, पाना टाकून पुन्हा रस्त्यावर जाऊन उभा राहिला. रस्ता रिकामा होता. आत आला. पुन्हा बाहेर.

"काय झालं हो? असं काय पिंजऱ्यातल्यासारखं?" सिंधुबाईनं दारातून विचारलं.

"काय नाय."

"काय नाय तर मग ह्या गोण्या आत ठेवा. रस्त्यात पडल्यात, येता-जाता ठेच लागती."

"फकिरा येईल आता सवाऱ्या घेऊन, त्याला सांग." गोरक्षच्या कमरेनं पाच वर्षांपूर्वीच राजीनामा दिला होता, पाण्याची कळशीसुद्धा तो दोन हातांनी उचलायचा. पण हातांना काहीतरी हवं होतं. तो रागारागानं वाकला, गोणीच्या कानांना धरलं आणि उचलली.

गोणी आली. सहज, मांडीपर्यंत.

तो तसाच उभा राहिला, गोणी पोटाशी धरून.

"सिंधू. ही किती किलोची?"

"पन्नासची. भाऊजींनी लिवलंय ना वर."

"कधी भरली होती?"

"चैत्रात. उन्हाळ कांदा निघाला तवा. का?"

"तू काढलेस यातून?"

"तोंड शिवलेलं हाय. एक कांदा नाय काढला."

गोरक्षनं गोणी खाली ठेवली नाही, तशीच घेऊन तो शेजारच्या भंगारवाल्याकडे धावला आणि काट्यावर टाकली. छत्तीस. परत येऊन दुसरी नेली. साडेपस्तीस.

"घट," तो म्हणाला. आणि मग मोठ्यानं, स्वतःच्या कपाळावर हात मारून, "घट! सिंधू, घट!"

सिंधुबाईला एका शब्दात सगळं कळलं. ती निफाडची लेक. साठवून ठेवलेला कांदा महिन्या-महिन्याला सुकत जातो, पन्नासाचा छत्तीस होतो, हे निफाड तालुक्यात शेंबड्या पोराला ठाऊक असतं.

"कांदेवाल्याच्या पोटी जन्मलात," ती म्हणाली, "आणि चैत्राचा आकडा भादव्यात वाचलात?"

तो ऐकत नव्हता. त्याच्या डोक्यात गाडी खाली बसत होती. चौदा किलो इकडं, चौदा तिकडं. आणि ते पंचावन्न. खरंच पंचावन्न होते? ती उंच होती, खांदे रुंद होते, गाडीत बसताना सीट कुरकुरली होती. शॉकप नरम ठेवलेले, साहेबांच्या पाठीसाठी. नरम शॉकपवर जास्तीचं वजन आलं की खाली-वर व्हायला जागाच उरत नाही. एखादा खोल खड्डा आला तर शॉकप तळाला टेकतो. मग तो शॉकप राहत नाही, हातोडा होतो. आणि त्या हातोड्याच्या बरोबर वर म्हाताऱ्याचा मणका.

फोन लावला. वाजला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. उघडी गाडी, वारा, कुठून ऐकू येणार?

"स्कूटर काढतो."

"वणीपर्यंत स्कूटर? कंबर ठेवायची नाय का?" सिंधुबाई ओरडली. "तो बघा फकिरा आला!"

फकिराची जीप नाक्यावर उभी राहत होती. गोरक्षनं हूकचा पाना, टेप, पाण्याची नळी पिशवीत कोंबली आणि जीपमध्ये आधीच बसलेल्या म्हातारीला सरकवून बसला.

"फकिरा, लाल गाडी गाठायची. घाटाच्या आधी."

"गाठू की. दोन सवाऱ्या होऊ दे."

"मी दोन सवाऱ्यांचे देतो, चल!"

"पैशाचं नाय मिस्त्री. रोजची माणसं हायेत, सोडून गेलो तर उद्या तोंड कसं दाखवू?"

जीप निघाली आणि दर फर्लांगावर थांबत गेली. हात दिसला की ब्रेक. दिंडोरीच्या अलीकडे द्राक्षाच्या बागांत छाटणी चालली होती, तिथले चार मजूर चढले. दिंडोरीला एकानं कोंबडी आणली. गोरक्ष फोन लावत होता, ठेवत होता, काचेतून मान बाहेर काढून पुढचा रस्ता बघत होता. प्रत्येक खड्डा तो आधी डोळ्यांनी मोजायचा, मग बुडानं. 'हा चार इंची. हा गेला असेल. हा सहा इंची. हा नाही जायचा.'

शेजारच्या म्हातारीनं, कुसाबाईनं, त्याच्या हलत्या गुडघ्याकडे बराच वेळ पाहिलं. तिच्या मांडीवर पिठाची पिशवी होती.

"काय रं बाबा, किडा चावतोय का?"

"आजी, माझ्या हातून चूक झाली."

"मग चुकीला पळू दे. तू का पळतो बसल्या जागी?"

वणीच्या अलीकडे एका चहाच्या टपरीपाशी, बंद वखारीच्या अंगणात, लाल गाडी उभी होती. उजवीकडे कललेली, लंगड्या कोंबडीसारखी. सोमनाथराव सीटवरच होते, डोळे मिटून, दोन्ही तळवे पुढच्या फळीवर घट्ट दाबून. वेदिका फोन कानाला लावून येरझारा घालत होती. गोरक्षच्या खिशातला फोन वाजला तेव्हा तो तिच्यासमोर उभा होता.

"काका! तुम्ही इथं? आत्ता बघतेय, नऊ मिस्ड कॉल!"

"साहेब कसे आहेत?"

"गतिरोधक होता. पांढरे पट्टे नव्हते मारलेले. वीसच्या वर नव्हते हो मी, शपथ! खालून असा धाडकन आवाज आला आणि बाबा..." तिनं सीटकडे हात केला. "तुम्ही म्हणालात, डोळे मिटून जा."

गोरक्ष म्हाताऱ्यापाशी वाकला. "साहेब, पायाची बोटं हलवा."

बोटं हलली. बुटात, पण हलली.

"टेकला ना रे खाली?" सोमनाथरावांनी डोळे न उघडता विचारलं.

"टेकला, साहेब."

"मी परत नेतेय यांना," वेदिका म्हणाली.

"परत नाही."

"बाबा, घाट अजून पुढं आहे!"

"म्हणूनच परत नाही. आधी हा काय म्हणतो ते ऐक."

गोरक्षनं ऐकवलं. गोण्या, चैत्र, घट, सगळं एका दमात. मग हातातल्या पिशवीकडे बघत म्हणाला, "आणि दुसरी चूक मोठी. मी तुमचं... तुम्हाला ते... विचारलं नाही. तोंडातून निघेना. मनानंच पंचावन्न धरले."



"पंचावन्न? काका, मी पंचावन्न किलोची दहावीत होते! दोन दिवस तुमच्यासमोर खुर्चीत बसले होते मी. पेट्रोल किती विचारलंत, चहात साखर किती विचारलंत. बहात्तर! बहात्तर किलो आहे मी!"

टपरीवाल्यानं सभ्यपणे दुसरीकडे पाहिलं. जीपमध्ये मात्र 'बहात्तर' पुढच्या बाकापासून मागच्या बाकापर्यंत पोचलं.

"मग काय झालं?" कुसाबाई खिडकीतून म्हणाली. "खात्यापित्या घरची पोर हाय."

वेदिकाला हसू आलं आणि त्याबरोबर डोळ्यांत पाणीही. "करा," ती म्हणाली. "आता बसते मी सीटवर. पण बाबांना बसवून ठेवायचं नाही. आधी त्यांना आडवं करायचं."

फकिरा आणि दोन मजुरांनी म्हाताऱ्याला उचलून टपरीच्या बाकड्यावर निजवलं. आता चोपन्न किलो कुठून आणायचे? इथल्या कुठल्या गोणीवर भरवसा ठेवायची गोरक्षची तयारी नव्हती. तो जीपपाशी जाऊन एकेक चेहरा बघू लागला. आणि या वेळी त्यानं जीभ आवळली नाही.

"कुणाचं वजन चोपन्न हाय?"

"माझं त्रेपन्न लिवलंय," कुसाबाई म्हणाली. "परवा दवाखान्यात काट्यावर उभी केली व्हती. कार्ड हाय, दाखवू?"

"आजी, लाल गाडीत बसता?"

"उतरवशील ना? मला घरी जाऊन भाकरी टाकायच्यात."

ती बसली. नऊवारीचा काष्टा सावरून, मांडीवरची पिशवी घट्ट धरून.

"पिशवी खाली द्या, आजी."

"नागलीचं पीठ हाय."

"किती?"

"पायली."

"उतरवा, उतरवा! पुन्हा घोळ नको."

टपरीतून पाणी आणून त्यानं नळी भरली, अंगणातली सपाट जागा शोधली, हवा तपासली. वेदिका स्टिअरिंग धरून ताठ, शेजारी कुसाबाई त्याहून ताठ. मागचा उजवा कोपरा दोन बोटं खाली होता. दोघींना उतरवायचं, फकिराचा जॅक लावायचा, चकती फिरवायची, दोघींना बसवायचं, गाडी दाबायची, मोजायचं. पुन्हा उतरवायचं. तिसऱ्या खेपेला जीपमधला एकजण करवादला, "ए फकिरा, दुपार व्हईल!"

"ज्याला घाई त्यानं चालत निघा," फकिरा म्हणाला. "मिस्त्रीचं काम चाललंय."

बाकड्यावरून सोमनाथरावांचा आवाज आला, "खुंट्या कडक करू नकोस रे. खडा न् खडा पाठीत शिरेल."

"कडक नाही करत, साहेब. फक्त उंच करतो. जागा देतो."

"चकती सरकू नये म्हणून वरची रिंग आवळलीस?"

"आवळतोय."

पाचव्या खेपेला टेप चारी कोपऱ्यांत सारखं बोलली. गोरक्षनं मागचा भाग दाबून सोडला. गाडी वर आली, एकदा खाली गेली आणि थांबली. पुन्हा दाबला. तेच. त्याचे कपडे मातीनं भरले होते, कंबर आता ओरडत होती.

म्हाताऱ्याला पुन्हा बसवलं, उशी लावली. वेदिकानं किल्ली फिरवली आणि विचारलं, "तयार?"

सगळी जीप गोरक्षच्या तोंडाकडे बघत होती. सकाळी किती सहज म्हणाला होता. आता तो शब्द बाहेर येईना.

"मी नाही सांगणार, मॅडम. तुम्ही चालवा. मी मागून येतो, फकिराच्या जीपनं. काही वेगळं दिसलं तर हॉर्न मारायला लावतो. हॉर्न ऐकला की थांबायचं."

"आणि नाही ऐकला तर?"

"तर जात राहायचं."

वणी मागं पडली. पुढं लाल गाडी, मागं जीप. गोरक्ष आता फकिराच्या शेजारी बसला होता, एक हात हॉर्नपाशी. पावसानं रस्ता ठिकठिकाणी खाल्लेला. पहिला खड्डा वेदिकानं चुकवला. दुसरा चुकला नाही. लाल गाडीचं बूड खाली गेलं, वर आलं, थांबलं.  बोरगाव गेलं. हातगडाखालचा चढ लागला, वळणं सुरू झाली, आणि एका वळणाच्या पोटात मोरीवरचा रस्ता खचलेला होता. पूर्ण रुंदीभर, वीतभर खोल. चुकवायला जागा नव्हती.

"मिस्त्री, हॉर्न?" फकिरा म्हणाला.

गोरक्षचा हात हॉर्नवर गेला. थांबला. लाल गाडी हळू झाली, पुढची चाकं उतरली, चढली. मागची उतरली. बूड खाली गेलं, आणखी खाली, अजून—आणि वर आलं. एकदा डुललं. थांबलं.

आवाज आला नाही.

मग त्या उघड्या गाडीच्या डाव्या सीटवरून एक बारीक, सुरकुतलेला हात वर आला. मागं वळून पाहणं त्या मानेला जमणार नव्हतं. हात तसाच वर राहिला, पुढच्या वळणापर्यंत.

जीपमध्ये कुणीतरी टाळी वाजवली. कुसाबाईनं मागून गोरक्षच्या खांद्यावर थापटलं. "झालं ना? आता तरी गुडघा ठेव की जागेवर. सगळी जीप हलती तुझ्यानं."

गोरक्षनं गुडघ्याकडे पाहिलं. तो हलत होता. पण जीप त्याच्यामुळं हलत नव्हती. खचलेल्या मोरीवरून ती आत्ताच गेली होती आणि मागचा डावा कोपरा अजून उसळत होता: एक, दोन, तीन, चार.

"फकिरा," तो म्हणाला, "तुझा डावा मागचा गेलाय."

"आज नको मिस्त्री, घाटात."

"किती माणसं बसवलीस?"

"पंधरा."

"खरं सांग."

फकिरानं आरशात मागं पाहिलं, ओठ हलवत मोजलं.

"एकवीस," तो म्हणाला. "आणि एक कोंबडी."